लर्निंग लायसन्सवर राज्याची सीमा ओलांडताना

कागल मागे पडलं, दूधगंगेचा पूल दिसायला लागला आणि भाचीने एका टपरीशेजारी गाडी घेतली. "मामा, पुढे कर्नाटक. आता तू घे." तिचं लर्निंग निघून सात आठवडे झाले होते. कोल्हापुरात शाहूपुरीच्या गर्दीतून ती गाडी व्यवस्थित काढायची. पण लर्निंग फक्त आपल्या राज्यात चालतं, असं तिला मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासमध्ये कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. आम्ही चहा घेतला, मी मोबाइलवर तिला कायद्यातली एक ओळ दाखवली आणि मधला टोलनाका सोडला तर निपाणीपर्यंत तीच गेली.

ती ओळ म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १३. या कायद्याखाली दिलेलं शिकाऊ किंवा पक्कं लायसन्स संपूर्ण भारतात चालतं, एवढंच त्यात म्हटलंय. म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओचं लर्निंग बेळगावात चालतं, पणजीत चालतं, हैदराबादेतही चालतं. वेगळी परवानगी नाही, नाक्यावर नोंद नाही, फी नाही.

मग लेख इथेच संपायला हवा होता. संपत नाही, कारण लर्निंगबरोबर त्याच्या अटीही सीमा ओलांडतात. गावात कुणी विचारत नाही म्हणून आपण त्या विसरलेलो असतो. परराज्यात एमएच ०९ची पाटी बघून कुणी हात केला की त्या आठवतात.

आधी लर्निंगचा कागद वाचा

हसू नका. आधारवरून घरबसल्या परीक्षा देऊन लर्निंग निघायला लागल्यापासून अनेकांनी तो कागद उघडून पाहिलेलाही नसतो. पीडीएफ डाउनलोड झाली की संपलं. त्यात दोन गोष्टी बघायच्या.

पहिली मुदत. लर्निंग निघाल्याच्या तारखेपासून सहा महिने चालतं. गोव्याहून परतायच्या दिवशी मुदत संपत असेल, तर परतीच्या रस्त्यावर तुमच्याकडे लायसन्सच नाही. दुसरी गोष्ट, वाहनाचा वर्ग. बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन म्हणजे कार, हे तिन्ही वेगळे. स्कूटीचं लर्निंग खिशात ठेवून बुलेट चालवता येत नाही. ऑटोमॅटिक आणि गिअरच्या कारसाठी मात्र आपल्याकडे वेगळा वर्ग नाही.

सोळा-सतराच्या मुलांच्या पालकांसाठी एक वेगळं वाक्य. त्या वयात लर्निंग मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि घरोघरी उभ्या असतात त्या ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटर. त्या मुलाच्या हातात देणं म्हणजे विनापरवाना गाडी देणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

शेजारी कोण बसणार, हे आधी ठरवा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला तिसरा नियम सांगतो की शिकाऊ चालकाबरोबर शिकवणारा हवा, त्याच्याकडे त्या वर्गाचं चालू लायसन्स हवं, आणि तो अशा जागी बसलेला हवा की जिथून त्याला गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल. शिकवणारा म्हणजे क्लासचा मास्तरच हवा असं नाही. वडील, बहीण, मित्र कुणीही चालतं. पण मागच्या सीटवर बसून "सावकाश, सावकाश" म्हणणारी आजी चालत नाही, जरी तिच्याकडे लायसन्स असलं तरी. माणूस पुढे डावीकडेच बसायला हवा.

माझ्या मते लर्निंग हे एकट्याचं लायसन्स नसतंच. ते दोघांचं असतं. म्हणून दूरच्या प्रवासाआधी शिकणाऱ्याची जेवढी तयारी करता, तेवढीच शेजाऱ्याची करा.

त्याचं लायसन्स काढून तारीख बघा. माझ्या एका मेहुण्यांना घरातून निघताना कळलं, की आपलं लायसन्स पाच महिन्यांपूर्वीच संपलंय. वीस वर्षांपूर्वी काढलेलं, पाकिटात पडून होतं, कोण बघतंय! त्या दिवशी गाडी त्यांची मुलगी चालवणार होती आणि गाडी भाड्याने ड्रायव्हर आणून चालवावी लागली.

मग हँडब्रेक. क्लासच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली ब्रेक आणि क्लच असतो. घरच्या गाडीत तुमच्या हाताशी फक्त हँडब्रेक असतो. मोकळ्या मैदानात गाडी वीसच्या वेगात असताना शेजारच्या सीटवरून तो ओढून बघा. बटण दाबूनच ठेवायचं, म्हणजे दात अडकत नाहीत आणि जोर कमी-जास्त करता येतो. एकदम वर खेचला तर मागची चाकं लॉक होतात आणि गाडीची शेपटी घसरते. भाचीच्या गाडीत मी हे चार-पाच वेळा केलं, तेव्हा कुठे हाताला अंदाज आला. नव्या गाड्यांत लिव्हरऐवजी छोटं बटण असतं. ते चालत्या गाडीत कसं वागतं, हे गाडीच्या पुस्तकात आधी वाचा आणि मगच मैदानात जा.

शेजाऱ्याने झोपायचं नाही, फोन बघायचा नाही, आणि गोव्यात दुपारी जेवताना ग्लास घेतला असेल तर संध्याकाळी तो शिकवणारा उरला नाही. मग दोघांनीही गाडी हलवायची नाही.

दुचाकीवालेही यातून सुटत नाहीत. नियमानुसार शिकाऊ चालकाच्या मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, दुसरं कुणी नाही. आणि एकट्याने चालवलं तर शिकवणारा सोबत असण्याची अट मोडतेच. शिनोळीहून बेळगावच्या कॉलेजला रोज स्कूटीवर जाणारी, दोडामार्गहून डिचोलीला कामाला जाणारी पोरं हे पाळत नाहीत, मला ठाऊक आहे. पण चूक सीमेपलीकडे होत नाही. ती घराच्या फाटकातून एकट्याने बाहेर पडतानाच झालेली असते.

एल चिकटवा, आणि मोजून चिकटवा

तिसऱ्या नियमातलीच आणखी एक अट: शिकाऊ चालकाची खूण म्हणून पांढऱ्यावर लाल एल, पुढे आणि मागे. पाटी किमान अठरा सेंटिमीटर चौरस. अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच, दोन सेंटिमीटर जाड आणि तळाशी नऊ सेंटिमीटर रुंद. स्टेशनरीच्या दुकानातला स्टिकर मी पट्टीने मोजला तर जेमतेम बारा निघाला. शेवटी एका ड्रॉइंग पेपरचे दोन चौकोन कापले, लाल इन्सुलेशन टेपने एल काढला आणि वरून पारदर्शक पुस्तककव्हर लावलं. आंबोलीच्या पावसातही टिकला. पुढच्या काचेवर नजरेआड येईल असा लावू नका, बॉनेटच्या कडेला लावा. मी चालवायला बसलो की आम्ही तो काढायचो. मागच्याला एल दिसला तर तो अंतर ठेवतो. उगाच लावून ठेवला तर त्याची किंमत जाते.

कागद, आणि त्यातला विमा

लर्निंगची छापील प्रत, शेजाऱ्याचं लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. गाडीचे कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात, पण घाटात रेंज जाते, म्हणून मी लर्निंग आणि विम्याची प्रत ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतोच. महाराष्ट्राची नोंदणी असलेली गाडी काही दिवसांसाठी दुसऱ्या राज्यात नेली तर नव्याने नोंदणी लागत नाही. बारा महिन्यांहून जास्त तिथेच ठेवायची असेल तरच तो विषय येतो.

विमा मात्र नीट समजून घ्या, कारण खरा पैसा तिथे अडकतो. मोटार पॉलिसीत 'ड्रायव्हर' नावाचं एक कलम असतं. नेहमीच्या पॉलिसीत ते सांगतं की चालू लर्निंग असलेला माणूसही गाडी चालवू शकतो, पण त्याने केंद्रीय नियमांतला नियम तीन पाळलेला असला पाहिजे. म्हणजे तोच नियम: शेजारी शिकवणारा आणि एल. तुमच्या पॉलिसीत ही ओळ शोधा. एल नसलेल्या किंवा एकट्याने चालवलेल्या गाडीचा अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीवर कंपनी बोट ठेवू शकते.

समोरच्या माणसाचं काय? 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग' या २००४ मधल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लर्निंग हेही कायद्याने दिलेलं लायसन्सच आहे, आणि चालकाकडे फक्त लर्निंग होतं एवढ्या कारणावरून विमा कंपनी तिसऱ्या पक्षाची भरपाई टाळू शकत नाही. त्यावर विसंबून अटी मोडू नका, पण "लर्निंगवर विमाच मिळत नाही" असं कुणी घाबरवलं तर घाबरूही नका.

वाट निवडा

कोल्हापूरहून गोव्याला जायच्या एका वाटेवर राज्याची सीमा तीनदा ओलांडावी लागते. कागलच्या पुढे कर्नाटक, निपाणीहून वळून आजऱ्याकडे आलात की पुन्हा महाराष्ट्र, मग आंबोली, सावंतवाडी, बांदा, आणि पत्रादेवीला गोवा. नवख्यासाठी हा प्रवास तुकड्यांत वाटून घ्या. आम्ही असा वाटला होता.

कोगनोळीचा टोलनाका माझ्याकडे. तिथे रांगेत चढावर गाडी थांबवून हाफ क्लचवर पुढे घेताना मागचा ट्रक हॉर्न वाजवत असतो, आणि नवख्याचा पाय तिथेच थरथरतो. निपाणी ते आजरा तिच्याकडे: रस्ता दोन पदरी, वळणं मोकळी, मध्येच ऊस भरलेला ट्रॅक्टर. इथे ती खरं ओव्हरटेक करणं शिकली, किंवा खरं म्हणजे ओव्हरटेक न करणं. ट्रॅक्टरच्या मागे सात मिनिटं राहायला तिला मी लावलं. राग आला होता तिला.

आंबोलीचा घाट माझ्याकडे, कारण धुकं होतं. पावसाळ्यात आंबोलीत धुकं आणि धबधब्यावर थांबलेल्या गाड्या, दोन्ही एकाच वळणावर भेटतात. कोरड्या दिवसात मी तिला उतरायला दिलं असतं. तेव्हा एवढं पाळायचं: ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रलवर अजिबात सोडायची नाही, ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही. आणि घाटात अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने थांबायचं. हा शिष्टाचार नाही, नियम आहे.

कर्नाटक नकोच असेल तर राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली अशी वाट आहे; सीमा फक्त पत्रादेवीला येते. घाट मात्र तिथेही आहे. बेळगावातून चोर्ला घाटाने साखळीकडे उतरणारी वाट जवळची आहे, पण लर्निंगवाल्याला मी ती देणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर तर शिकायला जाऊच नका. दुचाकींना तिथे बंदीच आहे आणि कारमध्ये नवखा चालक त्या वेगात स्वतःपेक्षा मागच्याला जास्त धोक्यात घालतो.

अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. सीमेपलीकडे भाषा बदलते, खुणा बदलत नाहीत; शाळेची, वळणाची, गतिरोधकाची चित्रं तीच असतात. फक्त मजकुराच्या पाट्या कन्नडमध्ये येतात. 'निधानवागि चलिसि' म्हणजे सावकाश जा, एवढं भाचीने त्या दिवशी पाठ केलं आणि नंतर मलाच ऐकवत राहिली.

पोलिसांनी हात केला तर

डावीकडे इंडिकेटर, सावकाश थांबा, इंजिन बंद, काच खाली. नवखा माणूस इथे घाबरून गाडी बंद पाडतो. पडली तर पडू द्या. लर्निंग आणि शेजाऱ्याचं लायसन्स दोन्ही एकदमच दाखवा, म्हणजे "शिकाऊ कोण आणि शिकवणारा कोण" हा प्रश्न संपतो. लर्निंग इथे चालत नाही असं कुणी म्हटलं, तर वाद न घालता कलम १३ चा उल्लेख करा. बेळगाव-निपाणी भागात मराठीत बोललेलं सहसा समजतं.

दंड खरंच लागला असेल तर चलन घ्या. चलनाशिवाय पैसे देऊ नका. रक्कम आपल्याकडच्यापेक्षा वेगळी वाटली म्हणून लगेच फसवणूक समजू नका: कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची, म्हणजे तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. शेजारी लायसन्सवाला नसेल, तर विनापरवान्याचं कलम १८१ लागू शकतं: पाच हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ज्याने गाडी दिली त्याच्यावर कलम १८०, दंड तेवढाच. ई-चलन गाडीच्या मालकाच्या नावावर येतं. मित्राची गाडी असेल तर त्याला तिथूनच फोन करा, नंतर त्याच्या मोबाइलवर मेसेज जाऊन मैत्री तुटण्यापेक्षा बरं.

अपघात झाला तर

थांबायचं. पळायचं नाही, मग चूक कुणाचीही असो. जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघून जवळचं पोलीस ठाणं गाठता येतं, पण चोवीस तासांच्या आत कळवायलाच हवं. फोन ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. एलची पाटी, शेजाऱ्याची सीट आणि गाडीची स्थिती दिसेल असे फोटो काढा. विमा कंपनीला नियम तीन पाळल्याचं दाखवायचं तर हेच फोटो लागतात.

गोव्यात गेल्यावर भाड्याची गाडी

नाही. गोव्यात स्वतः चालवायला मिळणाऱ्या कायदेशीर दुचाकीची आणि कारची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, आणि गाडी देणारा पक्कं लायसन्स मागतो. लर्निंगवर "चलता है" म्हणत कुणी पांढऱ्या पाटीची स्कूटर दिली, तर दोन चुका एकदम झाल्या: तुमची आणि त्याची. आणि भाड्याच्या स्कूटरवर मागे शिकवणारा कुठून आणणार?

शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या राज्यात गेलात तर

लर्निंग नाशिकचं आणि आता पोस्टिंग बेंगळुरूला, असं बऱ्याच जणांचं होतं. गाडी तिथे चालवायला हरकत नाही. प्रश्न पक्क्या लायसन्सच्या परीक्षेचा. कायद्यानुसार तुम्ही जिथे सामान्यतः राहता, जिथे तुमचा व्यवसाय आहे किंवा जिथे तुमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्या राज्यातल्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. माझा सल्ला साधा आहे. पुढचे सहा महिने जिथे काढणार, तिथेच लर्निंग काढा. आधीच काढून बसला असाल तर गावी येऊन परीक्षा देऊन टाका. लर्निंगनंतर तीस दिवस झाल्याशिवाय परीक्षा देता येत नाही, म्हणून दिवाळीत घरी यायचं असेल तर सप्टेंबरमध्येच लर्निंग हातात हवं आणि परीक्षेची तारीख निघण्याआधी ऑनलाइन घेऊन ठेवायला हवी. सुट्टीच्या दिवसांत तारखा लवकर भरतात.

परदेशात असलेल्यांसाठी एवढंच: आपला 'संपूर्ण भारतात' हा दिलासा अमेरिकेत शोधू नका. तिथे शिकाऊ परमिट हा प्रत्येक राज्याचा आपापला कारभार आहे. शेजारचं राज्य ते मानेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी ज्या राज्यात जाताय तिथल्या खात्याचा नियम वाचा. इथलं लर्निंग दाखवून आंतरराष्ट्रीय परमिटही मिळत नाही. त्याला पक्कं लायसन्सच लागतं.

भाची पहिल्या परीक्षेत नापास झाली, रिव्हर्समध्ये. सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, आणि सहा महिन्यांच्या लर्निंगमधले ते साठ दिवस फार महाग पडतात. तिने मधला आठवडा घरामागच्या गल्लीत मला शेजारी बसवून फक्त मागेच गाडी चालवली.